ब्रिसेइसची नावे : लॅटिन काव्यातील दासीवाचक शब्दांविषयी

लॅटिन काव्याचे मराठीत भाषांतर करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे एक अडचण पहिल्या पन्नास पानांतच उभी राहते. आंकिल्ला, सेर्वा, फामुला, मिनिस्त्रा हे चार शब्द मूळ संहितेत वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या हेतूने येतात. मराठीत येताना मात्र चारही 'दासी' या एकाच दारातून आत येतात. कोशकारांनी त्यांना पर्यायशब्द ठरविले आहे, आणि शैलीशास्त्राच्या अभ्यासकांनी 'काव्यात्म' व 'अकाव्यात्म' अशी त्यांची वर्गवारी करून विषय संपविला आहे. फामुला काव्याचा शब्द, आंकिल्ला बोलीचा आणि गद्याचा, असे एकदा म्हटले की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही असे समजले जाते. परंतु एखादा शब्द काव्याला वर्ज्य ठरतो तो कशामुळे, हा प्रश्न शैलीपुरता मर्यादित नाही. वृत्ताची सबब तर येथे मुळीच लागू पडत नाही. गुरू, गुरू, लघू अशा मात्रांचा 'आंकिल्ला' हा शब्द षट्पदीच्या चालीत सहज बसतो. तरीही व्हर्जिलच्या महाकाव्यात तो येत नाही. तेव्हा त्याला दारातच अडविणारे वृत्त नव्हे, दुसरेच काही आहे.

प्रथम या शब्दांची घडण पाहणे आवश्यक आहे. आंकिल्ला हे 'आंकुला' या जुन्या आणि पुढे लुप्तप्राय झालेल्या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप. त्याचा मूळ अर्थ 'भोवती फिरणारी'. होमरच्या काव्यातील राण्यांच्या मागेपुढे असणाऱ्या 'आम्फिपोलोस' स्त्रिया याच घडणीच्या शब्दाने ओळखल्या जातात. मराठी वाचकाला याहून जवळचा दाखला आहे. आंकुला आणि आम्फिपोलोस यांतील दुसरा घटक ज्या धातूपासून आला, त्याच धातूचे संस्कृत रूप 'चर्'. म्हणजे 'परिचारिका' आणि आंकिल्ला यांचे नाते केवळ अर्थाचे नाही, धातूचेही आहे. मालकिणीच्या भोवती फिरत राहणे ही सेवेची मूळ कल्पना दोन्हीकडे एकच.

रोमन व्युत्पत्तिकारांना हे ठाऊक नव्हते. पण त्यांनी दिलेल्या व्युत्पत्ती चुकीच्या असूनही, किंबहुना चुकीच्या असल्यामुळेच, वाचनीय आहेत. फेस्टसच्या कोशाच्या उपलब्ध संक्षेपात दोन पर्याय दिले आहेत. एक असा, की आंकुस मार्टिउस राजाने युद्धात पुष्कळ स्त्रिया पकडून आणल्या म्हणून त्यांना त्याच्या नावावरून हा शब्द लागला. दुसरा असा, की सेवा करणे या अर्थाचे एक जुने क्रियापद होते, त्यावरून. सातव्या शतकातील इसिडोर तिसरीच वाट धरतो. ग्रीकमध्ये कोपराला 'आंकोन' म्हणतात. टेकायला आधार देते ती आंकिल्ला. युद्धातील लूट, घरातील राबता आणि मालकाच्या कोपराखालचा आधार! भाषाशास्त्राने यांतील एकच मान्य केली असली, तरी रोमन समाजाने दासीकडे ज्या तीन नजरांनी पाहिले त्या तिन्ही येथे नोंदल्या गेल्या आहेत.

सेर्वा हे सेर्वुस या पुल्लिंगी शब्दाचे स्त्रीलिंगी रूप. सेर्वुस हा शब्द एत्रुस्कन भाषेतून आला असावा असे एमिल बेन्व्हेनिस्त यांनी मानले आहे. ते मत सर्वमान्य नाही. परंतु गुलाम हा नेहमी परका असतो आणि त्याचे नावही परके असू शकते, हा त्यामागील विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे. रोमन विधिज्ञ फ्लोरेन्टिनुस मात्र हा शब्द 'राखणे, वाचविणे' या क्रियापदापासून काढतो. सेनापती बंदिवानांना ठार न मारता विकतात आणि अशा रीतीने वाचवितात, म्हणून ते सेर्वी. विक्रीला जीवदान म्हणणारी ही व्युत्पत्ती कायद्याच्या ग्रंथात गंभीरपणे दिलेली आहे.

फामुला हा शब्द 'फामिलिआ' या शब्दाच्या कुळातला. फामिलिआ म्हणजे आरंभी घरातील गुलामांचा समूह. कुटुंब हा अर्थ नंतर रुंदावत गेला. (मागच्या पिढीतील मराठी गृहस्थ पत्नीचा उल्लेख 'आमची फॅमिली' असा करीत, तेव्हा त्यांच्या जिभेवर कोणता इतिहास होता हे त्यांना ठाऊक नव्हते, हे बरेच झाले.) फामुला शब्दात घर आहे, कुलाची प्रतिष्ठा आहे, आणि बाजार नाही. महाकाव्याला तो चालतो याचे कारण बहुधा हेच.

आंकिल्ला हा शब्द जेथे मनसोक्त वावरतो ती जागा म्हणजे विनोदी नाटक. प्लॉटसच्या 'मेर्काटोर' या नाटकात म्हातारा देमिफो आपल्या मुलाने आणलेल्या सुंदर तरुणीवर डोळा ठेवून आहे. मुलाने ती आईसाठी दासी म्हणून आणल्याची बतावणी केलेली. म्हाताऱ्याला ती घरात नको, बाहेर हवी. म्हणून तो घराला कशी आंकिल्ला लागते ते सांगतो. तिने विणावे, दळावे, लाकडे फोडावीत, सूत काढावे, झाडलोट करावी, मार खावा आणि रोजचे जेवण रांधावे. क्रियापदांची ही यादी प्रेक्षकांना हसविण्यासाठी आहे आणि हसे 'मार खावा' या क्रियापदावर पिकते. ते यादीच्या शेवटी येत नाही, हे लक्षणीय आहे. झाडलोट आणि स्वयंपाक यांच्या मध्ये, कामांपैकीच एक काम म्हणून, ते बसविले आहे. आंकिल्ला या शब्दाला काव्यात येण्यास जी अडचण होती तिचा पत्ता येथे लागतो. या शब्दाबरोबर जाते, केरसुणी आणि चाबूक ही सगळी सामग्री आत येते.

आता व्हर्जिल. 'ईनिड'च्या पहिल्या सर्गात डिडोच्या महालात पन्नास फामुला अन्नाची मांडणी आणि घरदेवतांच्या अग्नीची निगा राखताना दिसतात. चौथ्या सर्गात मूर्च्छित डिडोला उचलून नेणाऱ्याही फामुलाच. त्यांना चेहरा नाही, पाठ नाही. राजवैभवाचा त्या भाग आहेत. पण व्हर्जिल सेर्वा हा शब्दही वापरतो, आणि तो जेथे वापरतो त्या जागा एकत्र पाहिल्या तर विचार करावा लागतो. पाचव्या सर्गातील नौकाशर्यतीत सर्गेस्टुसने मोडके जहाज कसेबसे परत आणले म्हणून त्याला बक्षीस मिळते ते फोलोए नावाच्या क्रीटच्या दासीचे. विणकामात ती वाकबगार आहे आणि तिच्या छातीशी जुळी मुले आहेत. नवव्या सर्गात बुरूज कोसळल्यावर शत्रूंमध्ये झेप घेणारा हेलेनोर हा मेओनियाच्या राजाला लिकिम्निआ या दासीपासून चोरून झालेला मुलगा. दासीपुत्राला निषिद्ध असलेली शस्त्रे देऊन तिने त्याला ट्रॉयला पाठविलेले. दोन्ही ठिकाणी शब्द सेर्वा, आणि दोन्ही ठिकाणी ती आई आहे. तिसऱ्या सर्गात आन्ड्रोमाखे आपली कथा सांगते, तेव्हा आपल्याला एका दासाच्या हाती दासी म्हणून दिले गेले या वाक्यात ती फामुला हा शब्द स्वतःसाठी घेते. परंतु पिऱ्हुसपासून झालेल्या मुलाचा उल्लेख येताच शब्द बदलतो आणि सेर्वुसच्या कुळातील 'सेर्विटिउम', म्हणजे गुलामी, हा शब्द येतो.

एवढ्यावरून नियम बांधणे धाडसाचे ठरेल. तरी या निवडीमागील कारण कायद्याच्या बाजूने पाहिल्यास स्पष्ट होते. दासीच्या मुलाची अवस्था आईच्या अवस्थेवरून ठरे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात विधिज्ञांमध्ये एक वाद गाजला होता. सिसेरोने त्याचा उल्लेख केला आहे आणि उल्पिआनने त्याचा निकाल नोंदविला आहे. दासीचा उपभोगाधिकार एकाकडे आणि मालकी दुसऱ्याकडे असेल, तर तिचे मूल कोणाचे? गाईचे वासरू उपभोगाधिकाऱ्याला मिळते, तसे मूलही मिळावे काय? ब्रुटुस या विधिज्ञाचे मत मान्य झाले, की माणूस हे माणसाचे 'फळ' होऊ शकत नाही. पुष्कळ इतिहासकारांना या निर्णयात मानवी प्रतिष्ठेची पहाट दिसते. उल्पिआन अन्यत्र मात्र वेगळे कारण देतो : दासी सहसा प्रजननासाठी म्हणून विकत घेतल्या जात नाहीत. शिवाय मूल उपभोगाधिकाऱ्याला मिळाले नाही तरी ते मालकाचे झाले; आईचे होण्याचा पर्याय वादात कोणीच मांडला नव्हता. या साऱ्या चर्चेत विधिज्ञांचा शब्द आंकिल्ला आहे. महाकाव्याला तो शब्द घेता येत नव्हता, आणि फामुला या शब्दात ही कठोर वस्तुस्थिती मावत नव्हती. मधल्या रिकाम्या जागेत सेर्वा येते. घराच्या वैभवात सामावून न जाणारी, हस्तांतरित होणारी आणि जिच्या पोटातून गुलामी पुढे जाते ती स्त्री दाखविताना व्हर्जिल हा शब्द उचलतो.

या पार्श्वभूमीवर ब्रिसेइसची गोष्ट पाहावयाची आहे. होमरने तिला बहुधा 'ब्रिसेउसची कन्या' म्हटले आहे. ती योद्ध्याचा मानाचा वाटा आहे, आणि 'इलियड'च्या नवव्या सर्गात अकिलीस तिच्यासाठी पत्नीवाचक शब्दही वापरतो. भाल्याने जिंकलेली असली तरी, अशी पुस्ती जोडून. रोमन कवींना ही स्त्री वारशाने मिळाली आणि तिला काय म्हणावे हा प्रश्नही.

होरेसच्या 'ओड्स'च्या पहिल्या तीन पुस्तकांचे प्रकाशन इ.स.पू. 23 मधील. दुसऱ्या पुस्तकातील चौथी कविता झान्थिआस नावाच्या मित्राला उद्देशून आहे. तो आपल्या दासीच्या, फिलिसच्या, प्रेमात पडला आहे आणि त्याची त्याला लाज वाटते. पहिल्याच ओळीत आंकिल्ला हा शब्द येतो. उच्च भावगीताच्या उंबऱ्यावर हा स्वयंपाकघरातला शब्द ठेवण्यात खोडसाळपणा आहे आणि समकालीन वाचकाला तो लगेच कळला असणार. त्यानंतर होरेस मित्राचे सांत्वन करण्यासाठी पूर्वसूरींचे दाखले देतो. अकिलीसला हिमगौर ब्रिसेइसने मोहविले; अजॅक्सला तेक्मेस्साने; अगमेम्नॉन पळवून आणलेल्या कुमारिकेसाठी विजयाच्या ऐन क्षणी जळत राहिला. येथे शब्द पाहावेत. ब्रिसेइस सेर्वा आहे, तेक्मेस्सा 'कॅप्टिव्हा' म्हणजे बंदिनी आहे, कसांड्रा 'कुमारिका' आहे. आंकिल्ला एकटी फिलिस. म्हणजे सांत्वनाचा जो युक्तिवाद आहे (थोरांनीही दासींवर प्रेम केले) तो शब्दांच्या पातळीवर त्याच क्षणी फसलेला आहे. थोरांच्या दासी वेगळ्या शब्दाने ओळखल्या जातात. पुढे होरेस तर म्हणतो, की फिलिसचे आईबापही कोणी राजकुळातील असतील; इतकी निष्ठावान, इतकी निर्लोभ मुलगी हलक्या आईच्या पोटची असणार नाही. समीक्षकांनी यातील उपहास ओळखला आहे, मात्र तो झान्थिआसच्या भाबडेपणावर आहे असेच बहुधा मानले आहे. तो त्याहून अधिक खोल जातो असे म्हणावेसे वाटते. ज्या समाजात युद्ध कोणालाही गुलाम करू शकते, तेथे दासीचे कूळ राजघराण्याचे असणे अशक्य नाही. होरेसने दिलेल्या तिन्ही दाखल्यांतील स्त्रिया तशाच आहेत. उपहास ज्या शक्यतेला हसतो, तीच शक्यता त्याच्याच दाखल्यांनी सिद्ध केलेली आहे. कवितेला हे कळले आहे काय? शेवटी कवी फिलिसच्या दंडांची, मुखाची आणि पोटऱ्यांची तारीफ करतो आणि आपले वय चाळिशीला आल्याचे सांगून संशय घेऊ नकोस म्हणतो. दास्याचा विषय तेथे अवयवांच्या यादीत विरून जातो.

ओव्हिडने ही कविता वाचली होती, आणि 'अमोरेस'च्या दुसऱ्या पुस्तकातील सातवी व आठवी या जोडकविता तिला दिलेले उत्तर म्हणून वाचता येतात. सातव्या कवितेत कवी आपल्या प्रेयसीला, कोरिनाला, शपथेवर सांगतो की तिची केशभूषा करणारी किपास्सिस हिच्याशी आपला काही संबंध नाही. कोणता स्वतंत्र पुरुष दासीशी संग करील, फटक्यांनी चिरलेल्या पाठीला कवटाळील, असे तो विचारतो. येथे दासीसाठी शब्द आहे फामुला. आणि संगासाठी योजलेला शब्द विधिसंमत विवाहाच्या परिभाषेतला. महाकाव्यातील प्रतिष्ठित शब्द, कायद्यातील प्रतिष्ठित शब्द, आणि लगेच पुढच्या ओळीत चिरलेली पाठ. व्हर्जिलच्या फामुलांना पाठ नव्हती, असे वर म्हटले आहे. ओव्हिडने ती दाखविली. आठव्या कवितेत तोच कवी किपास्सिसकडे वळतो आणि आपण शपथ मोडून काय लपविले ते उघड करतो. स्वतःच्या समर्थनार्थ तो होरेसचेच दोन दाखले घेतो, पण शब्दांची अदलाबदल करून. आता ब्रिसेइस आंकिल्ला आहे आणि कसांड्रा सेर्वा. होरेसने पहिल्या ओळीत फिलिससाठी राखून ठेवलेला शब्द ओव्हिड थेट अकिलीसच्या तंबूत नेऊन ठेवतो. एका शब्दाने महाकाव्याचा सारा सोनेरी मुलामा खरवडला जातो. अकिलीसने जे केले ते आणि रोममधला कोणीही घरमालक दासीशी जे करतो ते एकच, असे ही ओळ म्हणते.

मात्र येथे ओव्हिडला दासीचा कैवारी ठरविण्याची घाई करू नये. कविता संपते ती धमकीने. किपास्सिसने पुन्हा नकार दिला, तर आपणच सारे कोरिनाला सांगू. कुठे, किती वेळा, कशा रीतीने, ते सुद्धा. आणि सांगितल्यावर कोणाची पाठ चिरली जाईल हे आधीच्या कवितेने वाचकाला दाखवून ठेवले आहे. दोन कवितांमधील अंतर म्हणजे किपास्सिसचे मौन. ती कोठेही बोलत नाही. भीतीने मान हलविली, एवढेच कवी सांगतो. रोमन प्रेमकवितेचा लाडका संकेत असा की कवी हा प्रेयसीचा गुलाम आणि प्रेयसी ही 'दोमिना', म्हणजे मालकीण. या संकेताचे विवेचन रूपक म्हणून पुष्कळ झाले आहे. ते रूपक खरे म्हणजे किपास्सिसच्या उपस्थितीत उच्चारले जात होते, हे त्या विवेचनात बहुधा निसटते. खोलीत एक खरी गुलाम उभी असताना स्वतःला गुलाम म्हणविणे ही चैन आहे.

याच संग्रहातील पहिल्या पुस्तकात नापे नावाची दुसरी दासी येते. ती विस्कटलेले केस बांधण्यात निपुण आहे, म्हणून तिला आंकिल्लांमध्ये मोजू नये असे कवी म्हणतो. हे कौतुक चिठ्ठी पोहोचविण्याचे काम करून घेण्यासाठी आहे हे उघडच आहे. तरी त्यातून या शब्दाची किंमत कळते. आंकिल्ला म्हणजे कसब नसलेली, कोणतेही काम करणारी. कसब आले की वेगळे नाव मिळते : केस बांधणारी ओर्नाट्रिक्स, मालकिणीच्या पावलामागून चालणारी पेदिसेक्वा, लोकर तोलून देणारी लानिपेन्दा, सूत कातणारी क्वासिल्लारिआ. रोममधील सामुदायिक समाधींतील शिलालेखांत, विशेषतः 1726 मध्ये सापडलेल्या लिव्हियाच्या सेवकवर्गाच्या समाधीत, अशी व्यवसायनामे ठिकठिकाणी आढळतात. सुझन ट्रेजिअरी यांनी 1975 मध्ये लिव्हियाच्या घरातील कामांचा आणि सँड्रा जोशेल यांनी 1992 मध्ये एकूण व्यवसायनामांचा जो अभ्यास केला, त्यामुळे एक गोष्ट पुढे आली. साहित्यात ज्या स्त्रियांची ओळख मार खाणारी किंवा निरोप पोहोचविणारी अशी आहे, त्यांची समाधीवरील ओळख त्यांच्या कामाची आहे. ओर्नाट्रिक्स हा शब्द ओव्हिड, मार्शल आणि ज्यूव्हेनल यांच्या विश्वात आला की सुई, आरसा किंवा चाबूक त्याच्या मागोमाग येतो. दगडावर तोच शब्द एका स्त्रीच्या नावापुढे, तिच्या आप्तांनी किंवा सहकाऱ्यांनी, मान म्हणून कोरलेला असतो.

स्त्रीने लिहिले की हा शब्दव्यवहार बदलतो, असेही नाही. लॅटिनमधील मोजक्या उपलब्ध स्त्रीकवींपैकी सुल्पिकिया हिची एक छोटी कविता आहे. प्रियकर दुसऱ्या कोणा स्त्रीकडे वळला म्हणून ती संतापली आहे, आणि त्या स्त्रीचे वर्णन ती सुताच्या टोपलीखाली दबलेली बटकी असे करते. स्वतःचा उल्लेख मात्र 'सेर्व्हिउसची कन्या सुल्पिकिया' असा. पण सेर्व्हिउस या नावाची षष्ठी आणि सेर्वुस या शब्दाची षष्ठी लॅटिनमध्ये एकसारखीच होते. कुळाचा अभिमान सांगणारे तेच शब्द 'गुलामाची कन्या' असेही वाचता येतात, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. सुल्पिकियाने हा श्लेष जाणून केला की भाषेने तिच्यावर उलटविला, हे ठरविणे अवघड आहे. टोपलीखालच्या स्त्रीला काय वाटले हा प्रश्न तर कवितेच्या कक्षेतच येत नाही.

म्हणूनच ओव्हिडच्या 'हेरोइदेस'मधील तिसरे पत्र या साऱ्या चर्चेच्या केंद्रस्थानी ठेवावे लागते. ते ब्रिसेइसने अकिलीसला लिहिले आहे, अशी कल्पना आहे. अर्थात आवाज पुरुषकवीने दिलेला. हे विसरून चालणार नाही. तरी शब्दांच्या निवडीबाबत ही ब्रिसेइस जितकी सावध आहे तितकी लॅटिन काव्यातील दुसरी दासी क्वचितच असेल. पतीमागून जाणारी वधू म्हणून नव्हे, विजेत्यामागून जाणारी कॅप्टिव्हा म्हणून आपण येऊ, असे ती म्हणते. लोकर कातावी लागली तर फामुला म्हणून तेही करू. फक्त तुझ्या पत्नीने आपला छळ करू नये. मालकाच्या शय्येवर बोलाविली जाणारी ती स्वतःला सेर्वा म्हणते. व्हर्जिल आणि होरेस यांनी ज्या ज्या शब्दांनी अशा स्त्रियांना ओळखले, ते सारे ती एकेक करून स्वतःला लावून पाहते. आणि मग एक प्रसंग सांगते. दुसऱ्या एका बंदिनीने तिला 'दोमिना' अशी हाक मारली. ब्रिसेइसने उत्तर दिले : दास्य तर आहेच, त्यावर तू या नावाचेही ओझे घालते आहेस.

प्रेमकवितेतील सर्वांत गौरवाचा शब्द येथे ओझे ठरतो. पुरुषकवी ज्या शब्दाने प्रेयसीला सिंहासनावर बसवितो, तो शब्द खऱ्या दासीला दुसरी दासी लावते तेव्हा त्याचे काय होते हे या एका उत्तरात आहे. आंकिल्ला हा शब्द मात्र ही ब्रिसेइस स्वतःसाठी वापरत नाही. 'अमोरेस'मध्ये ओव्हिडने तो तिला लावला होता. तिच्या तोंडी घालताना त्याचा हात अडला असावा.

आंकिल्ला हा शब्द उच्चारणारा बहुतेक वेळा वरचा असतो, याचा एक पुरावा काव्याबाहेरही आहे. पॉम्पेईजवळच्या मोरेजिने येथे 2000 मध्ये, 79 च्या ज्वालामुखी उद्रेकात मरण पावलेल्या एका स्त्रीच्या अंगावर सापाच्या आकाराचे सोन्याचे कडे सापडले. 'मालकाकडून आपल्या आंकिल्लेला' अशा अर्थाचे शब्द त्यावर आतल्या बाजूस कोरलेले आहेत. ती खरी दासी होती, की प्रेमकवितेच्या संकेताशी खेळणारी ही लाडाची भाषा होती, यावर मतभेद आहेत. दोन्ही वाचनांत एक गोष्ट मात्र समान राहते. शब्द मालकाचा आहे, आणि तो तिच्या त्वचेला लागून आहे.

धाकटा प्लिनी सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती पंथीयांच्या चौकशीची हकीकत देतो. सुमारे 112 मधील हे पत्र. सत्य काय ते कळावे म्हणून दोन आंकिल्लांचा छळ करणे आवश्यक वाटले, असे तो कळवितो. त्यांना 'मिनिस्त्रा' म्हटले जात होते, अशी जोड देऊन. दोन शब्द, दोन नामकरणे. कायद्याने त्या आंकिल्ला आहेत, आणि गुलामाची साक्ष छळाखालीच घ्यायची ही रोमन न्यायाची रीत. त्यांच्या मंडळीत त्या सेवापद धारण करणाऱ्या होत्या. प्लिनीच्या वाक्यात दुसरा शब्द एखाद्या विचित्र परिभाषेसारखा बाजूला ठेवलेला आहे. त्या दोघींच्या लेखी तो काय होता याची कल्पना करणे कठीण नाही.

पुढे ख्रिस्ती लॅटिनने आंकिल्ला या शब्दाला जे स्थान दिले ते सुपरिचित आहे. लूकच्या शुभवर्तमानात मरिया स्वतःला प्रभूची दासी म्हणते, आणि मूळ ग्रीकमधील गुलामवाचक शब्दासाठी लॅटिनने आंकिल्ला निवडला. स्वयंपाकघरातला शब्द वेदीवर गेला. जेरोमच्या भाषांतरातील दुसरी एक जागा मात्र अधिक बोलकी आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अपत्यहीन हन्ना देवाकडे मुलगा मागते. हिब्रूत ती एकाच वाक्यात तीन वेळा एकाच शब्दाने स्वतःला दासी म्हणते. जेरोमने तेथे क्रमाने फामुला, आंकिल्ला आणि सेर्वा असे तीन शब्द घातले. फामुलेचे दुःख पाहा, आंकिल्लेला विसरू नकोस, सेर्वेला पुत्र दे. पुनरुक्ती टाळण्याची लॅटिन वक्तृत्वाची सवय, असे याचे स्पष्टीकरण देता येते आणि ते पुरेसेही असेल. तरी व्हर्जिलवर वाढलेल्या जेरोमने पुत्राच्या मागणीपाशी सेर्वा ठेवावी, ही गोष्ट नजरेआड करवत नाही. अर्थात हागारसाठी त्याने आंकिल्लाच वापरला आहे आणि हागारलाही मूल आहे. तेव्हा हे निरीक्षण निरीक्षणाच्याच पातळीवर ठेवलेले बरे.

मराठी भाषांतरकाराची अडचण आता नेमकी सांगता येते. 'दासी' या शब्दाचे मराठीत तेच झाले आहे जे ख्रिस्ती लॅटिनमध्ये आंकिल्लाचे झाले. जनाबाईने तो स्वतःच्या नावाशी जोडला. नामदेवाच्या घरी राबणाऱ्या स्त्रीने घेतलेला तो शब्द आहे, आणि त्यानंतर मराठीत दासीपणाला एक भक्तीची झळाळी आली. होरेसच्या पहिल्या ओळीत 'दासी' घातले, तर तिच्यातील खोडसाळपणा तत्क्षणी मरतो. 'मोलकरीण' चालणार नाही, कारण तिला मोल मिळते आणि ती नोकरी सोडून जाऊ शकते. 'कुणबीण' हा पेशवाईतील कागदपत्रांचा शब्द कायदेशीर अवस्थेच्या दृष्टीने सर्वांत जवळचा; खरेदी, विक्री, घरकाम आणि संतती हे सारे त्या शब्दामागे खरोखरीच घडले आहे. परंतु त्याच्याशी एका मोठ्या शेतकरी समाजाचे नाव जोडलेले असल्याने अकिलीसच्या तंबूत तो भलताच प्रश्न उभा करील. उरते 'बटीक'. तो शब्द हलका आहे, आजही शिवीच्या सीमेवर आहे, आणि नेमक्या याच कारणासाठी होरेसच्या पहिल्या ओळीला व ओव्हिडच्या आठव्या कवितेला तो हवा. डिडोच्या महालात परिचारिका असाव्यात. धातूच्या नात्याने हा शब्द आंकिल्लाचा असला, तरी मराठीतील त्याची पायरी फामुलेची आहे. सेर्वेसाठी 'गुलाम स्त्री' असे कोरडे, विशेषण जोडलेले रूप स्वीकारावे लागेल. ते काव्यात बसणार नाही ही तक्रार रास्त आहे. फोलोएच्या ओळीत ते थोडे न बसलेलेच बरे. आणि 'हेरोइदेस'मधील त्या प्रसंगात दुसरी बंदिनी ब्रिसेइसला जी हाक मारते तिच्यासाठी मराठीत शब्द शोधण्याची गरजच नाही. तिने 'बाईसाहेब' म्हणावे.